वेस आणि मागचा बोळ

तुमच्या घराच्या मागच्या भिंतीपलीकडे काय आहे, हे तुम्ही शेवटचं कधी बघितलं? पुढच्या दाराचं मी विचारत नाही. तिथे तोरण असतं, नावाची पाटी असते, सणाला रांगोळी असते. मी मागचं विचारतेय.

हा प्रश्न मला तरी कुठे पडला होता? तो पडायला आमची वेस पडायला यावी लागली.

नगरच्या जुन्या पेठेत आमची गल्ली आहे आणि गल्लीच्या तोंडाशी दगडी वेस. शहराच्या मोठ्या वेशींसारखी ती नाही. तिचं चित्र कुठल्या कॅलेंडरावर नसतं, तिच्याबद्दल शाळेत कुणी निबंध लिहायला सांगत नाही. एकच कमान, वर चौकीदाराची खोली, तिच्या झरोक्यात पारवे. आत शिरताना डाव्या हाताच्या कोनाड्यात शेंदरी मारुती. उजव्या कोनाड्यात पूर्वी काय होतं ते कुणालाच आठवत नाही, आता तिथे विजेचा डबा आहे. वेस बांधली कुणी, यावर गल्लीत निदान चार मतं आहेत आणि चारही मतं मोठ्या आवाजात मांडली जातात.

पण वेशीखाली काय करायचं, याबद्दल मतभेद नाही. नवी नवरी आत येते तेव्हा कमानीखाली नारळ फुटतो. बाळंतीण बाळाला घेऊन पहिल्यांदा बाहेर पडते तेव्हा मारुतीचा शेंदूर बाळाच्या कपाळाला लागतो. आणि गल्लीतलं माणूस गेलं की तिरडी कमानीखाली टेकवतात, खांदे बदलतात आणि मग पुढे निघतात. जिवंत माणसाचं ओझं मात्र कमानीखाली टेकवायचं नाही. गव्हाचं पोतं आणणारा हमालसुद्धा कमान ओलांडूनच दम खातो.

आमच्या घराच्या खालच्या खोलीत अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, छापखाना आहे. पोटासाठी लग्नपत्रिका आणि बिलबुकं, जिवासाठी पत्रकं. पाण्याचा मोर्चा असो, ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांची सभा असो, रेशनवरच्या किडक्या गव्हाचा निषेध असो, शाई आमच्याच घरातली. उरलेली पत्रकं मला मिळायची. पाठकोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली आणि माझ्या ‘क’च्या आरपार पलीकडचं ‘जागे व्हा’ उलटं दिसायचं. आई म्हणते, तू बोलायला लागलीस तीच घोषणा दिल्यासारखी.

आमच्यापासून दोन घरं सोडून, गल्लीच्या आतल्या टोकाला, काका-काकू राहतात. आमचं त्यांच्याशी रक्ताचं नातं नाही, पण माझं निम्मं बालपण त्यांच्या ओट्यावर गेलं. काका एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाले तरी रस्त्याने चालताना अजून वळणावर आधी उजवीकडे बघतात. काकू दर शनिवारी मारुतीला तेल घालतात आणि त्या वेळात गल्लीतल्या प्रत्येकाची हजेरी घेतात.

गेल्या उन्हाळ्यात, भर दुपारी, काकूंच्या छातीत कळ आली. ॲम्ब्युलन्स आली आणि वेशीबाहेर थांबली. आत येईना. टपावरचा एसी कमानीला लागत होता.

वेस बुटकी नव्हती, हे आधी सांगते. आमच्या लहानपणी उसाची भरलेली बैलगाडी तिच्याखालून जायची. पण रस्ता दर निवडणुकीला नव्याने होतो आणि जुन्यावरच होतो. डांबरावर खडी, खडीवर काँक्रीट, काँक्रीटवर पेव्हिंग ब्लॉक. वेस जागेवरच राहिली, आम्ही खालून वर येत गेलो.

काका ड्रायव्हरवर ओरडत होते, “अरे चाकातली हवा कमी कर! घाटातल्या पुलाखालनं मी अशीच एसटी काढलीय!”

“काका, हवा काढत बसू का पेशंट काढू?” तो म्हणाला. त्याचंही चुकलं नव्हतं.

शेवटी काकूंना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचललं. मी एका पायाशी होते. कमानीखाली पोहोचेपर्यंत माझी बोटं सुटायला आली आणि नकळत आम्ही खुर्ची खाली घ्यायला लागलो. घामाने निथळलेल्या, पांढऱ्याफटक पडलेल्या काकूंनी डोळे उघडले.

“टेकवू नका मेल्यांनो,” त्या पुटपुटल्या. “माझी टेकवायची वेळ नाही झाली अजून.”

आम्ही टेकवली नाही. कशी नेली ते आजही सांगता येत नाही. पण ती थोडीशी थबकलेली पावलं, तो ॲम्ब्युलन्सचा उघडा दरवाजा आणि त्यांच्या मधली ती कमान मला पुढे कितीतरी दिवस जेवताना दिसायची.

काकू वाचल्या. घरी आल्या, गोळ्यांचा डबा घेऊन आल्या. डॉक्टरांनी सांगितलं, पुन्हा होऊ शकतं, वेळ घालवू नका. त्यानंतर काकांनी महापालिकेकडे अर्ज केला, की गल्लीतली वेस काढून टाकावी. खाली बऱ्याच जणांनी सह्या केल्या.

मी पेटून उठले. मला दुसरं काही येतच नाही. अप्पांनी अक्षरांची जुळवणी केली, मी मजकूर लिहिला: ‘आपली वेस आपण सांभाळू.’ रागाच्या सगळ्या उपमा त्यात घातल्या. घरोघरी वाटलं. काकांच्या दारातही टाकलं, तेवढं धैर्य होतं. संध्याकाळी काका पत्रक घेऊन छापखान्यात आले.

“हे तू लिहिलंस, पोरी?”

“हो.”

“चांगलं लिहिलंयस. दगडाला उपमा लई दिल्यात. माझ्या बायकोला एक ओळ नाही त्यात.”

अप्पा मशीनमागे काहीतरी शोधत राहिले. मी गप्प बसले याची गल्लीत बातमी झाली.

पण पत्रक वाचलं गेलं होतं. आमच्या गल्लीच्या गणेश मंडळाचा अध्यक्ष मिरजगावकडचा, सुप्याला कंपनीत कामाला, आमच्या शेजारच्या घरात भाड्याने राहतो. शिफ्ट करून येतो आणि पुन्हा मंडळाचं काम करतो असा माणूस. त्याने पत्रक मनावर घेतलं. एका रविवारी मी आजोळाहून, देवळाली प्रवऱ्याहून, परत आले तर वेस ओळखू येईना. मंडळाच्या पोरांनी दगडांच्या सगळ्या फटी सिमेंटने बुजवल्या होत्या, वर गिलावा मारला होता आणि त्यावर ऑइलपेंट. खाली चॉकलेटी, वर पिवळा, कमानीच्या कडेने सोनेरी पट्टा. पोरांच्या केसांतसुद्धा सोनेरी रंग होता.

“बघा ताई,” अध्यक्ष म्हणाला. “नवी कोरी केली का न्हाई? तुमी लिहिलं, आमी केलं.”

माणसं आपल्याकडे माया करतात ती अशी. देवाला चांदीचे डोळे बसवतात, समाधीला टाइल्स लावतात. मला तेव्हा फक्त रंग खटकला. सिमेंटचं मला काही कळत नव्हतं, आणि इतक्या आनंदात असलेल्या माणसांना रंगाबद्दल काय बोलायचं?

पावसाळा झाला आणि पिवळ्या रंगाला फोड यायला लागले. मारुतीच्या वरची भिंत ओलसर दिसायची, ऑक्टोबरच्या उन्हातही वाळायची नाही. मग तिला फुगवटा आला. आणि दिवाळीनंतर एका सकाळी त्या फुगवट्यातून नारळाएवढा दगड सुटून खाली आला. जिथे काकू तेलाची वाटी घेऊन उभ्या राहतात नेमका तिथे. शनिवार नव्हता, एवढंच.

तपासायला महापालिकेचे इंजिनीअर आले. मी भांडायच्या तयारीत होते, पण ते शांतपणे भिंतीला कान लावून हातोडीने टकटक करत राहिले. मग म्हणाले, “भिंत चुन्याची आहे. आत पाणी जातं, पूर्वी ते फटींतून बाहेर यायचं. तुम्ही वाटच बंद केलीत. पोट आलंय हिला.”

अध्यक्षाचा चेहरा पडला. “ताई, तुमीच लिहिलं हुतं ना, सांभाळा म्हणून?”

हो, लिहिलं होतं. कसं सांभाळायचं ते लिहिलं नव्हतं, कारण ते मलाच माहीत नव्हतं.

इंजिनीअरांनी लाकडी टेकू लावायला सांगितले, गाड्या बाहेर लावायला सांगितल्या. मग एका लांब तड्यावर काचेची पातळ पट्टी प्लास्टरने आडवी चिकटवली. “ही काच तुटली तर भिंत हलतेय असं समजायचं. मग माझ्या हातात काही राहणार नाही. माणसाच्या डोक्यावर मी ती ठेवू शकत नाही.” हातोडी पिशवीत ठेवत म्हणाले, “पाडायची मला हौस नाही. सिमेंट हळूहळू काढून चुन्यात दुरुस्ती होते. पण अर्जाच्या सुनावणीत पहिला प्रश्न येईल, ॲम्ब्युलन्स कुठून नेणार? त्याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर मी वेशीच्या बाजूने लिहीन.”

त्या दिवसापासून आमच्या गल्लीत ‘चहा झाला का’ कुणी विचारत नाही.

“काच?”

“हाय, हाय.”

दूधवाला विचारतो, शाळेची मुलं विचारतात, कामावरून सुटून येणारा अध्यक्ष फोन करून विचारतो. मी दात घासायच्या आधी जाऊन बघते. कमानीखालून जाताना मी पळत नाही, कारण पळाले तर लोक म्हणतील, बघा, वेस वाचवणारीच घाबरते. पण मान आत ओढलेली असते. वर पारवा फडफडला तरी पाऊल लांब पडतं. ज्या वेशीसाठी मी इतकी शाई खर्च केली, तिच्याखाली कुणाचं पोर खेळायला लागलं की मीच खेकसते, “चल, निघ इथनं!” कधीकधी वाटतं, काका बरोबर होते. मग कमानीकडे बघते आणि वाटतं, ही गेली की आम्ही एका रस्त्याला लागून असलेली चार घरं. दोन्ही एकाच सकाळी वाटतं.

वेशीबाहेरच्या मोकळ्या जागेत गल्लीची बैठक झाली. कुणी म्हणालं, रस्ता खोदून खाली घ्या. पण खाली पाण्याची लाइन, ड्रेनेज, केबल. ते हलवणार कोण? कुणी म्हणालं, काकूंनीच मुलाकडे राहायला जावं.

“मी का जाऊ?” काकू खुर्चीतून म्हणाल्या. “तू जा. तुझं तसंही इथं कुणाशी पटत नाही.”

हशा झाला. हसणं ओसरल्यावर काकू सहज म्हणाल्या, “आणि मागचा बोळ होता की.”

मघाशी हसणारी म्हातारी माणसं एकदम घरी जायला उठली.

बोळ होता. आमच्या ओळीच्या मागून, मोठ्या रस्त्यापासून काकांच्या घरापर्यंत. घरोघरी टोपलीचे संडास होते त्या काळचा. पहाटे माणसं त्या बोळातून यायची, आमच्या घरांचा मैला डोक्यावरून वाहून न्यायची, बोळाच्या तोंडाशी मैल्याची बैलगाडी उभी असायची. त्या माणसांना वेशीखालून यायची मुभा नव्हती. नारळ, शेंदूर, वरात हे सगळं पुढून. ते मागून. पुढे फ्लशचे संडास आले, बोळ ओस पडला आणि कुणी काही न बोलता प्रत्येक घराने आपल्या मागचा तुकडा आत घेतला. कुणी मोरी बांधली, कुणी पत्रे टाकले. मला हे काकूंच्या आधी कुणी सांगितलं नव्हतं. वेशीच्या चार गोष्टी सांगणाऱ्या गल्लीत बोळाची एकही गोष्ट नव्हती.

मी घरी आले आणि छापखान्याच्या मागच्या खोलीत उभी राहिले. पत्र्याचं छप्पर, भिंतीला लावलेली कागदाची रिमं, जुन्या पत्रकांचे गठ्ठे. या खोलीत बसून मी अभ्यास केला होता. ‘सार्वजनिक जागा जनतेच्या हक्काची’ हे पत्रक मी याच खोलीत वाळत घातलं होतं.

“अप्पा, ही खोली बोळात आहे?”

अप्पांनी चष्मा पुसला. “तुझ्या आजोबांनी घेतली आत.”

“मग?”

“मग काय? कागद कुठे ठेवू? पावसात?”

“पत्रकात काय छापता तुम्ही?”

“पत्रक छापायलाच कागद लागतो, बाई!” अप्पा चिडले. मी इतक्या वर्षांत त्यांना अशा प्रश्नावर चिडलेलं पाहिलं नव्हतं. आई आतून म्हणाली, “दोघं एकमेकांना घोषणा देऊ नका. भाजी करपतेय.”

दोन दिवस अप्पांनी ताट छापखान्यातच मागवलं. तिसऱ्या दिवशी कॉलेजातून आले तर बैठकीच्या खोलीत कॉटखाली, कपाटावर, देव्हाऱ्याच्या शेजारीसुद्धा कागदाची रिमं होती आणि अप्पा शिडीवर चढून पत्रे सोडवत होते.

काकांनी आपल्या मागची शेड पहारीने स्वतः पाडली. वेस पाडा म्हणणारे तेच, पण बोळ मोकळा करायला तेच पुढे. मोठ्या रस्त्यापासून आमच्यापर्यंतची घरं कुरकुरत, भांडत, पण उघडत गेली. काका बोळाच्या तोंडाशी उभे राहून एक डोळा मिटून बघायचे. “जाईल. आरसे मिटवले की जाईल.”

राहिली आमच्या आणि काकांच्या मधली दोन घरं. एकाला कुलूप, मालक पुण्याला. दुसरं अध्यक्षाच्या घरमालकांचं. कुलूपवाले फोनवर म्हणतात, आधी ते उघडू देत, आणि ते म्हणतात, आधी कुलूप निघू दे. अध्यक्ष मध्ये सापडलाय. “मोरी मीच वापरतो ताई. मी काकूंकडं आंघोळ करीन, पाडा म्हनलं. पर मालक ऐकंना.”

मकर संक्रांतीच्या सुमाराला, सकाळी, काकूंना पुन्हा कळ आली.

ॲम्ब्युलन्स बोळातून आली. आरसे मिटवून, काकांच्या “येऊ दे, येऊ दे, डावीकडं, बास!” वर, आमच्या मागच्या दारापर्यंत. त्यापुढे भिंत. म्हणून काकूंना पुन्हा खुर्चीतच, त्यांच्या पुढच्या दारातून गल्लीत, दोन घरं ओलांडून आमच्या ओट्यावर, छापखान्यातून, मशीनला वळसा घालून मागे आणलं. शाईचा वास, खुर्चीचा पाय रिमाला अडकला, कुणीतरी “सावकाश” ओरडलं. जिथे कागदाची खोली होती तिथे, उघड्या आभाळाखाली, माझे हात पुन्हा सुटायला आले आणि मी घाबरून काकूंकडे बघितलं.

“टेकव,” त्या म्हणाल्या. ओठ निळसर होते. “इथं चालतं.”

आम्ही खुर्ची टेकवली. श्वास घेतला. उचलली. काका ॲम्ब्युलन्सच्या दाराशी उभे होते आणि अप्पा त्यांचा हात धरून.

काकू घरी आल्या आहेत. डॉक्टरांनी तेच सांगितलं जे मागे सांगितलं होतं. खुर्चीतून नेणं बरं नव्हे, असंही सांगितलं. स्ट्रेचर दारापर्यंत यायला हवं.

सुनावणी पुढच्या आठवड्यात आहे. इंजिनीअर येऊन गेले, बोळात चालत आमच्या दारापर्यंत आले, भिंतीपाशी थांबले. “अर्धा बोळ मी कागदावर बोळ म्हणून लिहू शकत नाही,” म्हणाले. “शेवटच्या दारापर्यंत हवा.” काकांनी वेशीविरुद्धचा अर्ज मागे घेतलेला नाही. घेईन म्हणतात, पण ॲम्ब्युलन्स त्यांच्या दाराशी लागलेली बघितल्यावर. त्यांना मी आता पत्रक देत नाही.

काच आज सकाळी शाबूत होती. हे लिहिताना मी दोनदा उठून बघून आले. टेकूंवर ऊन पडलं होतं आणि काकू, कुणाचं न ऐकता, दूर उभ्या राहून मारुतीला हात जोडत होत्या.

हे पत्रक नाही, पण मी ते आधी त्या दोन घरांत नेऊन देणार आहे. एक प्रत पुण्याला जाईल. तुम्ही दोघांनी एकमेकांची वाट बघू नका. भिंत उघडा, याच आठवड्यात. अध्यक्षाला आंघोळीला आमचंही घर आहे.

आणि तुम्ही, जे दुसऱ्याच कुठल्या गावात, दुसऱ्याच कुठल्या गल्लीत हे वाचताय, तुमच्याकडेही एखादी कमान, बारव, जुना दरवाजा असेल आणि तो वाचवायची तुमची इच्छा असेल. तिथे रंगाचा डबा नेऊ नका. आधी हे हातातलं खाली ठेवा, उठा आणि घराच्या मागे जाऊन बघा. जे तुमचं नाही ते तुमच्या भिंतीच्या आत असेल तर ते आजच मोकळं करायला लागा.